बंद पडलेल्या लाँड्रीचा विमा

आमच्या लाँड्रीला आग लागली ती शनिवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. बायका नुकत्याच इस्त्रीच्या टेबलांवर परतल्या होत्या. मी पुढच्या खोलीत एका हॉस्पिटलशी फोनवर हुज्जत घालत होते, कारण त्यांच्या चादरींच्या गठ्ठ्यात सलाइनच्या दोन सुया सापडल्या होत्या. तेवढ्यात आमचा टेम्पो चालवणारा दारात आला आणि ओरडला, "ताई, फोन ठेवा! ड्रायर पेटलाय. भाईर चला आदी!"

तो उजनीच्या काठच्या एका गावचा, पन्नाशीचा माणूस. एरवी दिवसभरात चार वाक्यं बोलला तर खूप. त्या दिवशी त्याने आधी मेन स्विच पाडला, मग बायकांना बाहेर काढलं आणि मग मला सांगायला आला. म्हणून कुणाला साधं खरचटलंही नाही. अग्निशमनची गाडी येईपर्यंत मागचं अर्धं शेड गेलं होतं. दोन्ही ड्रायर, इस्त्रीचा मोठा रोलर, धुऊन घड्या घातलेल्या चादरींचे गठ्ठे, सगळं काळं. धुण्याची मशीन्स वाचली, पण त्यांचं वायरिंग वितळलं. बॉयलर धड दिसत होता, पण सरकारी तपासणी झाल्याशिवाय आता तो पेटवता येणार नव्हता. आणि आगीने सोडलेलं पाण्याने घेतलं. माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात कोणत्या हॉस्पिटलकडून रोज किती नग आले त्याच्या वह्या होत्या. त्यांचा लगदा झाला.

चादरी वाळताना त्यांतून बारीक कापूस सुटतो आणि ड्रायरमागच्या नळीत साठत जातो. तिथेच ठिणगी पडली. दर सोमवारी आम्ही ती नळी साफ करायचो. हे मी पुढच्या काही महिन्यांत इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी शेवटी मलाच ते खोटं वाटायला लागलं.

लाँड्री म्हटल्यावर लोकांना कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान आठवतं. आमची तशी नाही. आम्ही हॉस्पिटलचे कपडे धुतो: चादरी, उशीचे अभ्रे, ऑपरेशन थिएटरचे हिरवे गाऊन. मी स्वतः नऊ वर्षं एका हॉस्पिटलात बिलिंगला कारकून होते. तिथे रोज सकाळी चादरींवरून भांडणं व्हायची. धुणारा वेळेवर आणायचा नाही, आणल्या तर डाग तसेच असायचे, आणि पेशंटचे नातेवाईक येऊन माझ्याच खिडकीवर तोंड सोडायचे. त्या वैतागातून मी नोकरी सोडली आणि अक्कलकोट रस्त्यावर एक शेड भाड्याने घेतलं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी कुणीच कधी धंदा केला नव्हता. वडील शाळेत कारकून, नवरा ज्युनिअर कॉलेजात शिकवणारा. सासूबाई तर पहिली दोन वर्षं पाहुण्यांना सांगत, "ती हॉस्पिटलातच काम करते."

आग लागली तेव्हा माझ्याकडे अकरा बायका आणि चार पुरुष कामाला होते.

विमा होता. आगीचा तर बँकेनेच सक्तीने घ्यायला लावला होता. पण दुसराही एक होता, आणि तो मी केवळ एका माणसाचा पिच्छा सुटावा म्हणून घेतला होता. आमच्याच बोळात राहणारे, वडिलांचे जुने स्नेही, विमा एजंट. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. तीन वर्षं ते माझ्यामागे लागले होते.

"अगं, आगीचा विमा मशीनचे पैसे देईल. पण मशीन येईपर्यंत काय खाशील? भाडं थांबणार आहे का? पगार थांबणार आहेत का?"

"काका, आग लागेलच असं धरून कोण चालतं?"

"मी चालतो. माझा धंदाच तो आहे."

शेवटी मी होकार दिला. धंदा बंद पडला तर त्या काळातला बुडालेला नफा, भाडं, पगार, आणि काम कसंबसं चालू ठेवण्यासाठी करावा लागलेला जादा खर्च, असं सगळं त्यात होतं. त्यांनी विचारलं होतं, भरपाईची मुदत सहा महिने ठेवायची की बारा? बाराचा हप्ता जास्त होता. मी म्हटलं, सहा. सहा महिने कुठली लाँड्री बंद राहते? हे वाक्य मी फार तोऱ्यात म्हटलं होतं.

आगीनंतरच्या सोमवारी सकाळी मी शेडवर गेले, तर अकराच्या अकरा बायका फाटकाबाहेर डबे घेऊन बसलेल्या. त्यांच्यातली मोठी म्हणजे अक्का. तेलुगू घरातली, माहेर-सासर दोन्हीकडे माग, चादरी विणणाऱ्यांच्या घरात वाढलेली. कापडाला नुसता हात लावून ते किती धुण्यांत विरेल ते सांगायची.

"अक्का, अगं काम कुठंय आज?" मी म्हटलं.

"ते मला दिसत नाही काय? हजेरी घ्या की."

"हजेरीचं पुस्तक भिजलं."

"मग नवीन आणा की ताई. दहा रुपयाला मिळतंय."

मी पुस्तक आणलं, सह्या घेतल्या. दिवसभर त्यांनी काजळी खरवडली, वाचलेल्या टेबलांचे पाय पुसले. संध्याकाळी अक्काने विचारलं, "पगार मिळतोय का नाही ते सांगा. खोटं नको. घरी सांगायला पाहिजे."

मी म्हटलं, मिळेल. कुठून, ते मला माहीत नव्हतं.

काकांना मी त्याच संध्याकाळी गाठलं. ते म्हणाले, विमा आहे, पगार मिळतील, फक्त एक लक्षात ठेव. पहिले सात दिवस तुझे. त्यांचं काही मिळत नाही. आणि दुसरं, काहीही खर्च करण्याआधी कंपनीला ईमेल कर. आधी कळव, मग खर्च. उलटं करू नकोस.

मी उलटंच केलं होतं. रविवारीच मी ओळखीतल्या एका रंगाई कारखान्याच्या मालकाला फोन करून त्यांची धुण्याची मशीन्स सकाळच्या वेळेपुरती भाड्याने ठरवली होती. हॉस्पिटलं थांबत नाहीत. पेशंटला आज चादर नाही, पुढच्या महिन्यात घ्या, असं सांगता येत नाही. माझी सात हॉस्पिटलं होती आणि सातही जणांचे फोन शनिवारी संध्याकाळपासून चालू होते. आगीबद्दल हळहळ एका वाक्यात उरकायची आणि पुढे लगेच, "मग उद्याचं काय?" त्या धावपळीत खर्चाचा ईमेल करायचा दोन आठवडे राहूनच गेला.

रंगाई कारखान्यात टॉवेल रंगवतात. त्यांची मशीन्स मोठी, पाणी भरपूर, वाफ होती. मला वाटलं, सुटले. मंगळवारी ड्रायव्हर पहिली खेप घेऊन गेला, बायका तिकडे गेल्या, आणि दुपारी अक्काचा फोन आला.

"ताई, इकडं या."

"काय झालं?"

"तुम्ही या. फोनवर सांगायचं नाही ते."

गेले. एका मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या चाळीस पांढऱ्या चादरी माझ्यासमोर दोरीवर होत्या. चाळीसही गुलाबी. आदल्या दिवशी त्या मशीनमध्ये लाल टॉवेल रंगवले होते आणि आतल्या जाळीत रंग राहिला होता. गुलाबीही असा, सगळीकडे एकसारखा, छान चढलेला. अक्का म्हणाली, "रंग पक्का बसलाय. कारखान्याचं काम चांगलं आहे," आणि तोंडाला पदर लावला. मला हसावं की तिच्यावर ओरडावं ते कळेना. मी ओरडले. मग रडले. मग रंग उडवायचा हायपो घालून दोनदा धुतल्या. गुलाबीच राहिल्या, जरा फिक्या.

ट्रस्टच्या हॉस्पिटलचे व्यवस्थापक शांत आवाजात बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी एक चादर दोन बोटांत धरून उचलली.

"मॅडम, ही मी आयसीयूत घालू?"

"धुतलेली आहे सर, निर्जंतुक आहे. फक्त रंग..."

"नातेवाइकांना वाटेल रक्त गेलं नाही."

त्यात चूक काहीच नव्हतं. चाळीस चादरींचे पैसे मी भरून दिले. ते विम्यात बसत नाहीत, हे मला काकांनी नंतर सांगितलं, आणि मी विचारलंही नव्हतं तरी सांगितलं, म्हणून मी त्यांच्यावर चिडले. त्या चादरी एका लहान प्रसूतिगृहाच्या डॉक्टरबाईंनी मागून घेतल्या. "आमच्याकडे चालतात," म्हणाल्या, "बायकांना आवडतील." आवडल्या म्हणे. पण ट्रस्टच्या व्यवस्थापकांनी आठवड्याभरात पुण्याकडच्या एका मोठ्या लाँड्रीला काम दिलं. माझं जवळजवळ एक तृतीयांश काम तिथून यायचं.

आणि मग सर्व्हेअर आले.

विमा कंपनी नुकसान मोजायला जो माणूस पाठवते तो सर्व्हेअर. माझ्या डोक्यात त्याचं चित्र अगदी खलनायकाचं होतं. आले ते साठीचे, बारीक चणीचे, स्वतःचा चहा थर्मासमध्ये घेऊन आलेले. कुणाचा चहा घ्यायचा नाही असा त्यांचा नियम. जळक्या शेडमधून दीड तास फिरले, फोटो काढले, ड्रायरच्या नळीत टॉर्च मारून पाहिलं. मग प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि मला पहिला प्रश्न विचारला.

"मॅडम, आग लागली नसती तर या महिन्यात तुमच्याकडे किती काम आलं असतं?"

"ते मी कसं सांगू? आग लागली ना."

"हो. पण लागली नसती तर?"

हा प्रश्न पुढे दहा महिने माझ्या मानगुटीवर बसला होता. जळलेलं मशीन दाखवता येतं. न आलेली चादर कशी दाखवायची? त्यांना मागच्या तीन वर्षांचा महिनावार हिशेब हवा होता. जीएसटीची विवरणपत्रं होती, ती ऑनलाइन मिळाली. पण रोजच्या नगांच्या वह्या लगदा झालेल्या. मग मी हॉस्पिटलांच्या दारोदार फिरले. प्रत्येक हॉस्पिटलच्या फाटकावर मालाच्या नोंदीचं रजिस्टर असतं, त्याच्या नकला मागायला. एका ठिकाणी कारकून म्हणाला, अर्ज द्या. अर्ज दिला. म्हणाला, लेटरहेडवर द्या. दिला. म्हणाला, शिक्का कुठंय? शिक्का जळाला होता. नवा करून आणला. चौथ्यांदा गेले तेव्हा तो रजेवर होता आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडे होती.

मी त्या खिडकीबाहेर उभी होते आणि मला आठवलं, नऊ वर्षं मीही अशाच एका खिडकीच्या आत बसून लोकांना म्हणत होते, लेटरहेडवर द्या.

सर्व्हेअर दर पंधरा दिवसांनी नवी यादी पाठवायचे. वीजबिलं, पाण्याच्या टँकरच्या पावत्या, पगारपत्रक, बॉयलरच्या इंधनाची बिलं. मी एक फाइल द्यायचे, तिच्यातून त्यांना तीन नवे प्रश्न सुचायचे. आवाज कधी चढला नाही त्यांचा. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

घरी नवरा म्हणायचा, "शांतपणे घे. ते त्यांचं काम करतायत." तो शांतपणे म्हणायचा, म्हणून मला अजून राग यायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "तुझं कॉलेज जळू दे, मग बघू किती शांत राहतोस." नंतर वाईट वाटलं. पण माफी मागायलाही त्या दिवसांत मला वेळ नव्हता असंच मी स्वतःला सांगितलं.

एके दिवशी सर्व्हेअर पगारपत्रकावर बोट ठेवून म्हणाले, "या महिन्यात काम तिसऱ्या हिश्श्याएवढंच होतं. मग अकराही बायकांना पूर्ण पगार का दिलात? चारपाच ठेवल्या असत्या तरी भागलं असतं."

इतके दिवस साठलेलं सगळं माझ्या तोंडातून बाहेर आलं.

"साहेब, तुम्ही कधी हॉस्पिटलची चादर उघडून बघितलीय? रक्त असतं, उलटी असते, कधी कधी सुई असते. बाई एकदा बघते आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. दहा येतात तेव्हा एक टिकते. गाऊन कसा उलटा करायचा, कुठला गठ्ठा हातमोज्याशिवाय धरायचा नाही, हे यांना शिकवायला मला सहा वर्षं लागली. उद्या मशीन्स येतील, ती कोण चालवणार? तुम्ही?"

अक्का दारात उभी राहून ऐकत होती. सर्व्हेअरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हेच लिहून द्या, मॅडम," ते म्हणाले. "शेवटचा प्रश्न सोडून. एवढं स्पष्ट कारण असेल तर पूर्ण पगार मान्य करायची शिफारस मला करता येते. मला कागद लागतो."

मी लिहून दिलं. त्याच संध्याकाळी. आणि त्यांनी खरंच शिफारस केली.

पण त्याच माणसाने मला पुढच्याच भेटीत उघडं पाडलं. बॉयलरला आम्ही भुशाचे ठोकळे जाळतो. त्यांच्या बिलांचा गठ्ठा आणि कपड्यांच्या नगांचा तक्ता त्यांनी शेजारी शेजारी ठेवला.

"मॅडम, लग्नसराईच्या महिन्यांत इंधन बरंच जास्त जळतंय. कपडे तर तेवढेच आहेत."

लग्नसराईत आम्ही मंगल कार्यालयांच्या गाद्यांच्या खोळी, चादरी, खुर्च्यांची कापडं धुतो. दोन लॉजचंही काम असतं. सगळं रोखीत, बिल नाही. सगळेच करतात, मीही करत होते. कर वाचतो, कार्यालयवालाही खूश.

"ते किरकोळ काम असतं," मी शेवटी म्हटलं. "रोखीतलं."

"त्याच्या पावत्या?"

"नाहीत."

"मग ते मला धरता येणार नाही." त्यांनी तक्ता मिटला. आवाज तसाच. उपदेशाचा एक शब्द नाही.

आणि ते बरोबर होतं. मी जे कागदावर येऊ दिलं नव्हतं, ते बुडालं म्हणून आता कोणत्या तोंडाने मागायचं? आग ऐन लग्नसराईच्या तोंडावर लागली होती. ते सगळं काम गेलं आणि त्यातला एक रुपया मिळणार नव्हता. त्या दिवशी मी कुणावरही चिडू शकले नाही. एजंटवर नाही, कंपनीवर नाही, नवऱ्यावर नाही. हे सगळ्यात जास्त जाचलं.

तिसऱ्या महिन्यात परिस्थिती हाताबाहेर जायला लागली. साठवलेलं सगळं पगारात आणि रंगाई कारखान्याच्या भाड्यात गेलं होतं. टेम्पो दुप्पट फिरत होता, कारण कपडे आधी कारखान्यात न्यायचे, तिथून वाळवायला एका मोकळ्या गच्चीवर, तिथून इस्त्रीला शेडच्या वाचलेल्या भागात. ड्रायव्हर एकदा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "ताई, ह्या चादरी माझ्यापेक्षा जास्त फिरल्या की." दोन बायका सोडून गेल्या. मग तिसरी. एके सकाळी अक्का आली आणि बसली नाही, उभीच राहिली. तेव्हाच मला कळलं.

"टॉवेलच्या कारखान्यात बोलावलेत," ती म्हणाली. "घडी घालायला. पगार ठरल्या दिवशी देतेत."

"मी दिला नाही का?"

"दिला की. पण ह्या महिन्यात चार दिवस उशिरा. पुढच्या महिन्यात?"

मी काकांकडे गेले आणि त्यांच्या ओट्यावर बसून वाट्टेल ते बोलले. तुम्ही गळ्यात मारलंत, कागद कागद म्हणून माझा जीव गेला, अजून एक पैसा हातात नाही, मग हा विमा कशासाठी. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू आगाऊ रक्कम मागितलीस का?"

"म्हणजे?"

"अगं, पूर्ण हिशेब व्हायला वर्ष जातं. पण नुकसान मान्य आहे म्हटल्यावर मधे काही रक्कम आगाऊ मागता येते. तू मागितलीस का?"

"तुम्ही सांगितलं नाही!"

"नाही सांगितलं," काका म्हणाले. "चुकलं माझं. मला वाटलं तू वाचलं असशील."

त्यांनी कबूल केलं म्हणून माझा राग तिथेच थांबला. आम्ही त्यांच्याच मोबाइलवर अर्ज लिहिला. ते शब्द सांगत होते, मी टाइप करत होते. सर्व्हेअरांनी दोन दिवसांत होकार कळवला. तीन आठवड्यांनी बँकेचा मेसेज आला. मागितली होती त्याच्या निम्मीच रक्कम होती, पण दोन महिन्यांचे पगार आणि शेडचं भाडं त्यात भागत होतं. मी अक्काला मेसेज दाखवला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने आकडा बघितला, मोबाइल परत दिला आणि म्हणाली, "मग टॉवेलवाल्यांना नाही म्हणून सांगते." बस एवढंच. मी आत जाऊन तोंड धुतलं.

खरं सांगायचं तर विम्याने मला वाचवलं ते तिथे. शेवटी किती मिळाले ते नंतर. त्या आठवड्यात ते पैसे आले नसते तर अक्का गेली असती, तिच्यामागे बाकीच्या गेल्या असत्या, आणि पाचव्या महिन्यात नवे ड्रायर आले तेव्हा ते चालवायला माझ्याकडे कुणी उरलं नसतं.

ड्रायर आले. बॉयलरची तपासणी झाली, त्याचंही एक वेगळंच रामायण. लाँड्री सुरू झाली. मला वाटलं होतं, सुरू झाली म्हणजे संपलं. पण मशीन सुरू होतं त्या दिवशी गिऱ्हाईक परत येत नाही. सातातली चार हॉस्पिटलं टिकून होती. एक हॉस्पिटल सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी परत आलं, दुसरं चार महिन्यांनी. ट्रस्टचं हॉस्पिटल आलं ते दहाव्या महिन्यात, तेही अर्ध्या कामापुरतं. आणि माझी भरपाईची मुदत सहाव्या महिन्यातच संपली होती. सहा की बारा, असं काकांनी विचारलं होतं त्याची मला रोज आठवण यायची. त्यांनी मात्र एकदाही काढली नाही.

अकराव्या महिन्यात शेवटचं पत्र आलं. पहिले सात दिवस वजा. कळवण्याआधी केलेला पहिल्या दोन आठवड्यांचा जादा खर्च वजा. रोखीतलं काम तर मोजलंच नव्हतं. उरलेलं मंजूर. माझ्या अंदाजाने खऱ्या नुकसानीच्या निम्म्याहून थोडं जास्त असेल. सही घ्यायला सर्व्हेअर स्वतः आले. शेड नवं, पत्रे नवे, ड्रायरच्या नळीला आता रोज साफ करायची जाळी. ते बघत बघत फिरले. मी म्हटलं, "आज तरी चहा घ्या. आता काय, काम संपलं."

"नियम आहे, मॅडम," ते म्हणाले, आणि थर्मास उघडून माझ्यासमोर बसून स्वतःचा चहा प्याले. जाताना म्हणाले, "चालू आहे, बरं वाटलं. पुष्कळ ठिकाणी मी शेवटच्या सहीला जातो तेव्हा कुलूप असतं."

मी अजूनही चिडलेलीच होते, आणि आजही हा विषय निघाला की माझा आवाज चढतो. कुणी विचारलंच तर मी सांगते: घ्या तो विमा, मुदत बारा महिन्यांची घ्या, सगळं काम बिलावर करा आणि वह्यांचे फोटो काढून ठेवा. ऐकणारे मान हलवतात. करतात की नाही, देव जाणे. आता मंगल कार्यालयांनाही मी बिल देते. दोघांनी त्यामुळे काम देणं बंद केलं. करू दे.

सोडून गेलेल्या तीन बायकांपैकी एक परत आली. दुसरी मुलाकडे पुण्याला गेली. तिसरी मला मध्यंतरी भाजी बाजारात भेटली. मेथी निवडून घेत होती. मी म्हटलं, "अगं, लाँड्री सुरू झाली कधीच. ये की परत. पगार वाढवलाय."

ती हसली. माझ्याबद्दल काही राग नव्हता तिच्या तोंडावर.

"नको ताई. तिकडं बरं आहे."

"का? आमच्याकडं काय वाईट होतं?"

"वाईट काय नाही. तिकडं डोक्यावर पंखा आहे. तुमच्याकडं लई उकडायचं की. बोलले नाही तेव्हा, एवढंच."

मेथीची जुडी पिशवीत टाकून ती निघून गेली. वर्षभर मी समजत होते की ती आगीमुळे गेली. आगीच्या नावावर मी किती काय काय घातलं होतं! दुसऱ्या दिवशी मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि इस्त्रीच्या टेबलांवर कुठे कुठे पंखे बसतील ते अक्काला विचारायला सांगितलं. तिने सहा जागा दाखवल्या. मी चार म्हणाले. ती म्हणाली, सहा.